घरी सोबत कोण असते?

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवरच बोलले असते, पण तुझ्या फोनला दोन कान आहेत, एक तुझा आणि एक आईचा, आणि आईचा जास्त तिखट. परवा मी नुसतं तिच्या गुडघ्यांचं विचारलं तर मागून आवाज आला, "तिला सांग, गुडघे माझे आहेत आणि जागच्या जागी आहेत." म्हणून आता कागद.

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक आजोबा पडले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, हात अजून स्थिर, पाय मात्र नाहीत. सकाळचे दहा, वॉर्ड भरलेला, मी औषधांची गाडी घेऊन तीन खाटा पलीकडे. घंटी त्यांच्या उशीला बांधलेली होती. ती त्यांनी वाजवली नाही. उठले आणि खाटेच्या पायथ्याशी कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. "एवढ्याशा कामासाठी सिस्टरला कशाला त्रास द्यायचा," असं मला नंतर म्हणाले, म्हणजे माझ्यावर उपकारच केले.

खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्याकडे म्हातारं माणूस दाखल झालं की एक तक्ता भरतात. हा माणूस पडण्याचा धोका किती, ते त्यातून काढायचं. गुण जास्त आले की मनगटाला पिवळी पट्टी, खाट खाली, घंटी हाताशी आणि उठताना कुणीतरी सोबत. आजोबांच्या तक्त्यात "गेल्या वर्षभरात कधी पडलात का?" यापुढे "नाही" होतं. खाली माझी सही. मग त्यांच्या सुनेने रडत रडत सांगितलं की घरी तीनदा पडले होते, पण कुणाला सांगशील तर बघ, अशी तिला ताकीद होती. सगळ्यात मोठा प्रश्न तोच असतो, ताई. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची भीती फार. तिथेच खोटं लिहिलं की बाकीचा तक्ता रद्दी.

घरी येऊन जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. वीस वर्षं परक्यांचे तक्ते भरले आणि आईचा एकदाही भरला नाही. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि रोज शाळेच्या कोपऱ्यापर्यंत एकटी जाते. म्हणून कोरा तक्ता सोबत पाठवते आहे. खुर्चीची परीक्षा नीट घे. हात नसलेल्या खुर्चीतून उठायचं, दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळ लाव. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक, त्याहून जास्त लागले तर काळजी.

आणि खरं लिही. तुझ्या अक्षरात खोटंसुद्धा सुंदर दिसतं, म्हणून मुद्दाम बजावते आहे.

तुझी ठकी


११ फेब्रुवारी

ठके,

तक्ता भरून परत पाठवते आहे. ग्रंथालयात तीस वर्षं रकाने भरले, पण इतका आगाऊ कागद पाहिला नव्हता. माणूस किती वेळा न्हाणीघरात जातो हेसुद्धा विचारतो म्हणजे कमालच.

तुला वॉर्डात उभ्याउभ्या वाचावं लागतं म्हणून मुख्य गोष्टी इथेही लिहिते. गेल्या वर्षभरात पडणे: दोनदा. एकदा न्हाणीघरात, एकदा मागच्या दाराच्या उंबऱ्याला पाय अडकून. फार लागलं नाही. कोपर सोललं आणि नडगीवर काळंनिळं झालं, ते पंधरा दिवस राहिलं. अंथरुणातून उठताना अंधारी येते का: हो, सकाळी बहुतेक रोज. औषधं: रक्तदाबाची दोन, त्यातलं एक गेल्या महिन्यात वाढवलेलं, एक साखरेचं, एक झोपेचं. चष्मा: नवा, खाली वेगळं भिंग असलेला, आणि पायरी उतरताना ती पायरी सरकल्यासारखी वाटते. खुर्चीची परीक्षा: एकोणीस सेकंद, वळताना भिंतीला हात लागला. पडण्याची भीती वाटते का: हो.

शेवटचा प्रश्न, घरी सोबत कोण असते. लिहिलं आहे, "मी आहे."

आता एक ऐक. यातलं काहीही आईला फोनवर विचारू नकोस. ती साफ नाही म्हणेल, वर मला चहाडखोर म्हणेल आणि आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही. तू फक्त सांग की काय करायचं. मी करते.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

तुझा तक्ता मी तीनदा बेरीज करून पाहिला. माझ्या वॉर्डात एवढे गुण आले असते तर मी त्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसले असते. दोनदा पडली आणि मला कळवलंही नाहीस? रागावत नाही. रागावून नडगी बरी होत नाही. पण झोपेची गोळी कुणी आणि कधी सुरू केली?

ऐक. डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब दोनदा मोजायला सांग, आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर. खूप उतरत असेल तर वाढवलेली गोळी तेच कमी करतील, आपण मनाने काही करायचं नाही. अंथरुणातून झटकन उठायचं नाही. आधी पाय खाली सोडून बसायचं, शंभर आकडे मोजायचे आणि मग उठायचं. चालायला जुना, एका भिंगाचा चष्मा. घरातल्या पायपुसण्या, सुट्या सतरंज्या, फोनची लोंबती वायर, सगळं उचल. उंबऱ्याला उतार करून घे. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडी बसव आणि खाली रबरी चटई टाक. घसरणाऱ्या चपला फेकून दे.

आणि मी येईपर्यंत तिला एकटीला उठू देऊ नकोस. कोपऱ्यापर्यंतची फेरी बंद. उठायचं असेल तर घंटी वाजवायची, तू जायचं, दंड धरायचा. टेबलावर ठेवतात तसली पितळी घंटी मिळते, ती आण. मला मेशिवाय सुट्टी नाही, दोघीजणी बाळंतपणाच्या रजेवर आहेत. मे फार लांब नाही.

तू आहेस म्हणून बरं.

ठकी


२ मार्च

ठके,

सांगितलंस ते सगळं झालं. पायपुसण्या गेल्या, सतरंज्या माळ्यावर गेल्या, वायर भिंतीला ठोकली. घर आता लग्न लागून वऱ्हाड गेल्यासारखं दिसतं. गवंडी दोन दिवस होता. उंबऱ्याला सिमेंटचा उतार केला, न्हाणीघरात दांडी बसवली. उंची किती ठेवू म्हणाला, तर मी आईला तिथे नेऊन उभी केली आणि तिच्या हाताच्या मापाने खूण करून घेतली. आई म्हणाली, "पुतळा उभारताय का माझा?"

घंटीवरून मात्र महाभारत झालं. तिने ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. "एकतीस वर्षं शाळेत घंटा दिली मी. माझ्या घंटेवर नऊशे पोरं आत जायची आणि बाहेर यायची, आणि हेडमास्तरसुद्धा हातातला चहा टाकून उठायचे. आता ही टिणटिण वाजवून तुला बोलावू? तू काय वर्गात जाणार आहेस?" मग मी सांगितलं, ठकीचा हुकूम आहे. तेव्हा घंटी ठेवून घेतली. तू नोकरीत हुकूम देतेस याचा तिला फार अभिमान आहे.

आता ती मागच्या खोलीत खुर्चीत बसते. पहिले चार दिवस विचारत होती की कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन येऊ का. मी नाही म्हटलं. आता विचारत नाही. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, आई दिसत नाहीत हल्ली, बाकावर त्यांची जागा रिकामी असते. मी म्हटलं, जरा विश्रांती चालू आहे.

एक विचारायचं होतं, सहज. समज, दोन्ही हातांत धुतलेल्या कपड्यांची बादली आहे आणि चालता चालता एकदम अंधारी आली. तर बादली सांभाळावी की भिंत धरावी?

ताई


१२ मार्च

ताई,

बादली सोडायची, बाई! कपडे पुन्हा धुता येतात. पण तू आईला बादली उचलू देतेस? कमाल आहे तुझी. कितीही हट्ट करू दे, तिच्या हातात पेल्याहून जड काही द्यायचं नाही.

बाकी तू केलंस ते आमच्या इथल्या कंत्राटदारालाही जमलं नसतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मात्र लिहिलं नाहीस. गोळी कमी केली का? परवा फोनवर आईचा आवाज बारीक वाटला. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "बसलेय." एवढंच. मला तिच्याकडून शिव्या खायची सवय, त्यामुळे चुकल्यासारखं झालं.

घड्याळजी आजोबा गेले. हाड जुळलं होतं, पण पडून राहिल्याने छातीत कफ भरला. गेल्यावर त्यांच्या सुनेने माझे हात धरले आणि सॉरी म्हणाली.

मी निर्धास्त आहे ती तू धडधाकट आहेस म्हणून. स्वतःला जप वगैरे मी म्हणत नाही, तू आपली पहिल्यापासून खंबीरच.

ठकी


२२ एप्रिल

ठके,

तू जाऊन चार दिवस झाले. तीन आठवडे तू इथे होतीस, माझी उशी सारखी केलीस, मला धरून वॉकरवर चार पावलं चालवलंस, आणि मी रोज ठरवत होते की आज सांगेन. तोंडावर सांगता आलं नाही. तू विचारलंस कशी पडलीस, मी म्हटलं पाय घसरला. तो घसरला नव्हता.

तुझा तो तक्ता मी आईच्या नावाने भरला, पण उत्तरं माझी होती.

दोनदा पडले ती मी. अंधारी मला येते. झोपेची गोळी माझी, नवा चष्मा माझा. आईची खुर्चीची परीक्षा मी घेतली होती. ती अकरा सेकंदांत जाऊन परत येऊन बसली आणि विचारलं, "पास का?" मग ती आत गेल्यावर मी स्वतः घड्याळ लावून चालले. एकोणीस सेकंद लागले. आई गेल्या दहा वर्षांत एकदाही पडलेली नाही.

असं का केलं तेही सांगते, मग तुला हवं ते बोल. जानेवारीत आईच्या नावाने एक लिफाफा आला. तुझ्या गावच्या वृद्धनिवासाचा. एप्रिलपासून एक खोली रिकामी होते आहे, निर्णय कळवावा. सोबत तू गेल्या वर्षी केलेल्या अर्जाची प्रत होती. कारणाच्या रकान्यात तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, "सांभाळणारी मोठी मुलगी स्वतः वयस्कर आहे." मी चौसष्टची आहे, ठके. खोटं काही नव्हतं त्यात. पण ते वाचून मला कुणीतरी कपाटातून काढून रद्दीत टाकल्यासारखं झालं. मी पडते हे तुला कळलं असतं तर त्याच आठवड्यात तू आईला नेलं असतंस. आई या घरातून गेली की पंधरा दिवसांत संपेल असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी संपेन असं वाटत होतं. तिच्यानंतर या घरात मी कुणाला हाक मारू?

आणि मला तुझा सल्ला तर हवा होता. म्हणून ही अक्कल लढवली. आईच्या नावावर विचारायचं आणि स्वतःसाठी वापरायचं. शंभर आकडे मोजून मी उठत होते. जुना चष्मा शोधून काढला. डॉक्टरांकडे मात्र गेले नाही. तिथे माझंच नाव सांगावं लागलं असतं, आणि ते तुझ्या ओळखीचे.

पण तू सांगितलेलं आईच्या बाबतीतही पाळावं लागलं, नाहीतर माझं बिंग फुटलं असतं. चालत्याफिरत्या बाईला मी खुर्चीत बसवलं. महिन्याभरात तिच्या पोटऱ्या सैल पडल्या, उठताना हात थरथरायला लागले. मी ते रोज पाहत होते आणि रोज म्हणत होते, आजचा दिवस जाऊ दे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं, वर तिलाच सांगायचे की बघ, आता तुला चालवत नाही.

चोवीस मार्चला सकाळी साडेदहाला मी न्हाणीघरातून कपड्यांची बादली घेऊन निघाले आणि अंधारी आली. तुझं आठवलं, बादली सोडली. उजवा हात भिंतीवर टाकला, माझा हात जिथे जातो तिथे. तिथे नुसती भिंतीची फरशी होती, ओली आणि गुळगुळीत. दांडी खाली होती, आईच्या मापाने बसवलेली. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. पडताना ती दांडी माझ्या बरगडीला लागली, तेव्हा मला कळलं की ती कुठे आहे.

पाय वळला होता आणि मला हलता येत नव्हतं. मी आईला हाक मारली. मग लगेच ओरडले, उठू नकोस, बसून राहा. तुझे शब्द होते तेच. थोडा वेळ गेला आणि घंटी वाजली. मला वाटलं मला बोलावते आहे, आणि त्या अवस्थेतही मला तिचा राग आला. पुन्हा वाजली. मग लक्षात आलं की आवाज हलतो आहे. तिने घंटी मुठीत धरली होती आणि त्याच मुठीने भिंत धरून ती चालत होती. प्रत्येक पावलाला एक टिण. मधेच थांबायची, तेव्हा मी श्वास धरायचे. पुन्हा टिण. मागच्या खोलीतून बोळात, बोळातून न्हाणीच्या दारावरून. दारातून तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलेच." मला वाटलं माझ्याजवळ येईल, खाली बसेल आणि मग दोघी तिथेच राहू. पण ती पुढे गेली. मी मोजत होते. अठ्ठावीस पावलं झाली आणि पुढच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मग ती घंटा तिने दिली, ठके. टिणटिण नाही. तुला आठवतं, शाळेत आग लागली समजून ती कशी द्यायची, न थांबता, दम घेतल्याशिवाय? तशी. दोन मिनिटांत शिंपीणबाई कात्री हातात घेऊन आल्या, मागून तिघेजण आणखी. त्यांनी दार ढकललं, मला उचललं. आई खिडकीच्या गजाला धरून उभी होती. शिंपीणबाई म्हणाल्या, बसा हो आता. तर म्हणाली, "बसूनच होते."

त्यानंतर तू आलीस. तीन आठवडे तूही तिला दोन्ही दंडांना धरून उठवलंस, कारण तुझ्या कागदावर ती दोनदा पडलेली होती. मी माझ्या खाटेवरून पाहत होते आणि तोंड उघडलं नाही.

आता हवं ते ठरव. मी आड येणार नाही.

ताई


३० एप्रिल

ताई,

आधी तुझा राग आला. वॉर्डात औषधवाटप अर्धं सोडून मी मागच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले. मग पत्र पुन्हा वाचलं आणि माझा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तो घड्याळजींच्या सुनेचा किस्सा मीच तुला लिहिला होता. पडलेली माणसं लपवतात, कारण पडलो म्हटलं की आपल्याला उचलून कुठेतरी नेऊन ठेवतील अशी भीती असते. हे मी नव्या मुलींना शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते. आणि तू तेच करत होतीस, माझ्याच भीतीने, आणि मला वास आला नाही. झोपेची गोळी कुणी सुरू केली, हे मी विचारलं आणि उत्तर आलं नाही तर सोडून दिलं. बादलीचा प्रश्न वाचून मी हसले होते, ताई.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. चालत्या माणसाला बसवायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. बसवलं की पाय जातात, आणि पाय गेले की पडणं ठरलेलं. वॉर्डात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी बायकांना उभं करते, त्या मला शिव्या घालतात तरी. आणि आपल्या आईची वेळ आली तेव्हा घाबरून खुर्चीत बसवून टाकलं. दुसऱ्या कुणी असं लिहून दिलं असतं तर मी तो कागद फाडला असता. तेव्हा आईचे पाय तू एकटीने घालवले नाहीस. निम्मा वाटा माझा.

आणि तो अर्ज. तो मी तुला विचारून करायला हवा होता. तुझ्यापासून लपवला, कारण तू नाही म्हणशील हे माहीत होतं. "मोठी मुलगी स्वतः वयस्कर" असं मी माझ्या हाताने लिहिलं. म्हणजे तू थकलीस हे मला दिसत होतं. दिसत होतं, आणि तरी फेब्रुवारीत तक्ता पाठवताना मी एकच पाठवला. या एका गोष्टीची मला लाज वाटते. बाकी सगळं चूक म्हणता येईल, हे नाही.

न्हाणीघरात तीन आठवडे मी ती दांडी रोज पाहिली. इतकी खाली कुठल्या गाढवाने बसवली, असं मनात म्हटलंसुद्धा. तू तिथे पडलीस, दांडी तिथे आहे, आणि मी दोन्ही एकत्र करून पाहिलं नाही. आता गवंड्याला बोलव आणि तुझ्या मापाची दुसरी दांडी लाव. पहिली काढायची नाही. आईला ती लागेल, कारण उद्यापासून ती चालणार आहे. सकाळी दहा पावलं, संध्याकाळी दहा, दर दोन दिवसांनी दोन वाढवायची. मी निघताना ठेवलेल्या दिवसभराच्या बाईंना सांग, दंड धरायचा नाही, नुसतं बाजूने चालायचं. डॉक्टरांना मी फोन केला आहे. ते सोमवारी येतील आणि तुझा रक्तदाब मोजतील, आडवा आणि उभा. आढेवेढे घेऊ नकोस.

निवासाला खोली नको म्हणून कळवलं. मी पुढच्या वर्षी मार्चअखेर निवृत्त होते. तेव्हा तिकडे येईन म्हणते, तुमची हरकत नसेल तर. तोवर दर महिन्याला चार दिवस, बाळंतपणं गेली उडत.

सोबत कोरा तक्ता आहे. वर तुझं नाव मी लिहिलं आहे. या वेळी उत्तरंही त्याच बाईची लिही.

ठकी


१६ मे

ठके,

डॉक्टर येऊन गेले. उभं केल्यावर रक्तदाब इतका उतरला की ते स्वतःच माझ्याआधी खुर्ची शोधायला लागले. वाढवलेली गोळी अर्ध्यावर आणली, झोपेची हळूहळू बंद करायची आहे. आठ दिवसांत सकाळची अंधारी दोनदाच आली. एवढं सोपं होतं हे वाचून तुला जितकं वाईट वाटेल तितकंच मला वाटलं. दुसरी दांडी लागली. गवंडी म्हणाला, घरात जिना करताय का?

आईला मी सगळं सांगितलं. वॉकर धरून तिच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि सांगितलं, शाळेत चूक कबूल करतात तसं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिल्यांदा न्हाणीत पडलीस तेव्हा तांब्या गडगडत बोळात आला होता. मी उचलून जागेवर ठेवला. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही."

मी म्हटलं, मग तू गुपचूप बसलीस कशाला? भांडायचं होतंस. मी कधी पडले, असं विचारायचं होतंस.

"मी हिंडले की तू मागे धावायचीस," ती म्हणाली. "म्हटलं, मी बसले तर ही तरी धावणार नाही."

मला तिथे उभं राहवेना. वॉकर सोडून तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण वॉकर सोडायचा नाही असा तुझा हुकूम आहे. तेव्हा उभ्याउभ्याच रडले. तिने माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि म्हणाली, पुरे, घसरशील.

निवासाचं तिला सांगितलं तेव्हा मात्र हसली. "माझं नाव काढलं तर काढू दे. तिचं स्वतःचं घालायला सांग. तीही काही कुकुल्लं बाळ नाही राहिली." निरोप पोचवला.

आता तिच्या पायांचं. खोटं लिहिणार नाही. सव्वीस पावलं होतात, बाई बाजूने चालतात, घंटी आई खिशात ठेवते आणि ती वाजत राहते. फाटकापर्यंत जाते. फाटकाला धरून कोपऱ्याकडे बघते आणि परत फिरते. बाकापर्यंत एकशे दहा पावलं आहेत, मी पूर्वी कधीतरी मोजली होती. या वयात ती परत मिळतील का, हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बघू. तुम्हा दवाखान्यातल्या लोकांच्या या शब्दाचा अर्थ मला आता कळतो. तिची रोजची ती जागा मी घालवली, ठके, आणि तिने एकदाही तसं म्हटलेलं नाही.

तक्ता भरला आहे. गेल्या वर्षभरात पडणे: तीनदा. खुर्चीची परीक्षा वॉकरसह, बत्तीस सेकंद. भीती: हो. सगळं माझ्या अक्षरात आहे, पाहशीलच. शेवटच्या प्रश्नाशी मी अडले. घरी सोबत कोण असते. बाई संध्याकाळी सहाला जातात, तू मार्चमध्ये येणार. रकाना तसाच सोडून मी कागद घडी घालायला घेतला. आई शेजारी होती. काय राहिलं म्हणून तिने कागद ओढून घेतला, चष्मा लावून बराच वेळ वाचला आणि माझं पेन मागितलं.

तिचा हात आता फार हलतो. अक्षर रकान्याबाहेर गेलं आहे, तेव्हा तुला वाचता येणार नाही कदाचित, म्हणून इथे लिहिते. तिने लिहिलं आहे, "मी आहे."

ताई